बॉनव्हिलवर अमल प्रीमिअर: एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरल्यावर

आधी दुकानाबद्दल, कारण तो राग अजून गेलेला नाही. माझ्या १९६९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकलला दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे) लागतात, एक उजवा आणि एक डावा: आर ९३० आणि एल ९३०. मी मागवलेल्या नव्या अमल प्रीमिअरच्या खोक्यात दोन्ही उजवेच निघाले. फोन केला तर उत्तर आलं, "आतून सारखेच असतात, लावून टाका." सारखे कसे? उजवा डावीकडे बसवला की मिक्स्चरचा स्क्रू, थ्रॉटल स्टॉप (आयडलिंगचा स्क्रू) आणि टिकलर (गाडी सुरू करण्याआधी जादा पेट्रोल सोडायचं बटण) सगळं दोन कार्बोरेटरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जातं. तापलेल्या इंजिनावर तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालायचा कुणी? वर परत पाठवायचा खर्चही माझ्याच माथी मारत होते. मी तो दिला नाही. प्रत्येक गोष्ट लेखी मागत राहिलो, शेवटी त्यांनीच भरला.

आता माल. गाडीवरच्या जुन्या अमल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरची बॉडी आणि तिच्यात वरखाली होऊन हवा कमी-जास्त करणारी स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या. एकमेकींवर घासून झिजतात, कडेने हवा शिरते आणि आयडलिंग जागेवर राहत नाही. बॉडीला स्लीव्ह मारून (झिजलेल्या जागी नवं अस्तर बसवून) घेणं खूप स्वस्त पडलं असतं आणि माझा कलही तिकडेच होता. पुण्याचा मित्र, ज्याच्या जुन्या बुलेटला मिककार्ब कार्बोरेटर आहे, तो म्हणत होता, "अरे, मिकुनी टाक आणि मोकळा हो." पण मी कॉव्हेंट्रीत राहतो. ही गाडी जिथे बनली ते मेरिडन इथून जवळ, कार्बोरेटर बनवणारी अमल मूळची बर्मिंगहॅमची. या गाडीवर दुसरा कार्बोरेटर मला बघवणार नाही.

स्लीव्हचा विचार सोडला तो एका भोकामुळे. जुन्या बॉडीत पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा) म्हणजे आत खोल ठोकून बसवलेलं बुश, भोक ०.०१६ इंच. ते काढता येत नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं. हिवाळ्यात गाडी उभी राहिली की आतलं पेट्रोल सुकतं, त्याचा चिकट थर त्या भोकात बसतो. मग आयडलिंगला एकच सिलिंडर चालतो, रेस दिली की दोन्ही, आणि लोक दोष ठिणगीत आहे समजून कॉइल-कंडेन्सर बदलत बसतात. स्प्रेने तो थर हलत नाही. मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून ७८ नंबरचं ड्रिल हाताने, अंदाजाने फिरवावं लागतं. प्रीमिअरमध्ये हा जेट काढता येतो. काढा, उजेडात धरून बघा, धुवा, लावा. बाकी काही नवं नसतं तरी मी एवढ्यासाठी पैसे दिले असते.

सुरुवातीला मात्र पैसे पाण्यात गेले असं वाटत होतं. थ्रॉटल जरा उघडला की गाडी अडखळायची. स्लाइड ३ नंबर, नीडल जेट १०६, सगळं कंपनीच्या मापाचं. दोष निघाला केबलमध्ये: एकातून दोन होणाऱ्या केबलची डावी शाखा ताणली होती, त्यामुळे एक स्लाइड उशिरा उठत होती. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचं ड्रिल ठेवून, थ्रॉटल हळू उघडत दोन्ही ड्रिल एकदम पडेपर्यंत ॲडजस्टर फिरवले. मग इंजिन तापवून एकेक सिलिंडर वेगळा लावला. बंद ठेवलेल्या बाजूचा प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठेवा, वायर मोकळी लटकवली तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन जाऊ शकतं. मिक्स्चर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा उलटा, तिथून बारीक फरक. हा हवेचा स्क्रू आहे, आत गेला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. त्या दिवसापासून माझं मत पूर्ण पालटलं. सिग्नलला गाडी आता शांत उभी राहते.

हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनिअमच्या स्लाइडवर अजून ओरखडा दिसत नाही. फ्लॅंजचे नट मात्र बेताने आवळा. जोर लावला की फ्लॅंज वाकतो, हवा घेतो, स्लाइडही अडकते. टिकलर दाबताना हातमोज्यावर पेट्रोल येतं ते येतंच.

जोडीची किंमत जास्त आहे, आणि ती मला अजूनही टोचते. स्लाइड झिजलेली नसेल आणि गाडी रोज चालत असेल तर जुनेच ठेवा. हिवाळाभर उभी राहत असेल तर हेच घ्या. टीआर६ ट्रॉफीवाल्यांना एकच लागतो, त्यांनी फार विचार करू नये.