पिस्टनवरचा कार्बन: भिजवायचा, घासायचा की ब्लास्टिंग?

इंजिन घरीच उघडलंय, पिस्टन बाहेर आलेत आणि आता वरचा काळा थर काढायचाय, तर आधी एवढंच लक्षात घ्या की पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, निम्मे पर्याय तिथेच गळतात.

कॉस्टिक सोडा पहिला बाद. लोखंडी भागांना चालतो पण ॲल्युमिनियम तो खातोच, वर हायड्रोजन सुटतो तो वेगळा. ओव्हन क्लीनरच्या बऱ्याच डब्यांत हेच असतं, लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका.

ड्रिलला वायर ब्रश लावून काम फटाफट होतं हे खरं, पण कार्बनबरोबर धातूही जातो आणि पिस्टनभोवती रिंग बसतात त्या खाचांच्या कडा गोल होतात. पितळी ब्रश हाताने, हलकेच, फक्त क्राउनवर, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर, एवढं चालेल.

ग्लास बीड ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने काचेचे बारीक मणी मारणं, केलं की पिस्टन नव्यासारखा दिसतो, म्हणूनच लोक भुलतात. ते बारीक मणी खाचांत आणि ऑइलच्या भोकांत अडकून बसतात आणि इंजिन चालू झालं की सुटून सिलिंडरला ओरखडे पाडतात. कंप्रेसर आणि गन हाताशी असेल तर सोडा ब्लास्टिंग त्यापेक्षा बरं (कॉस्टिक नव्हे, खाण्याचा सोडा), कारण तो मऊ असतो आणि राहिलेला पाण्यात विरघळतो. अल्ट्रासॉनिक टब भोकांसाठी छान, लिक्विड ॲल्युमिनियमला चालणारं हवं, पण कडक थर नंतर खरवडावा लागतोच.

माझं मत विचाराल तर घरी भिजवणंच. रॉकेलने तेलकट घाण सुटते, कडक कार्बन फारसा हलत नाही, त्याला कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचं द्रावण) लागतो, फक्त स्कर्टवर, म्हणजे रिंगच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर, काळपट कोटिंग असेल तर ते त्यात उखडू शकतं, म्हणून पिस्टन उलटा ठेवून रिंगच्या खाचांपर्यंतच बुडवायचा. काम उघड्यावर, ग्लोव्हज घालून, आसपास आग नको. रात्रभर भिजला की प्लास्टिकच्या नाहीतर लाकडी पट्टीने खरवडा, नाही निघाला तर परत बुडवा, जोर लावू नका. क्राउनवर डाग राहिले तर राहू देत, आरसा करून काही मिळत नाही.

खरी कसोटी खाचांची. ग्रूव्ह क्लीनर टूल पटकन काम करतं पण त्याचं पातं मापाचं नसेल तर खाच रुंद होते, मग रिंग सैल बसते आणि इंजिन ऑइल पिणार. त्यापेक्षा त्याच खाचेतली जुनी रिंग तोडून तिच्या टोकाने कार्बन ओढून काढा, चकचकीत धातूचा कीस निघायला लागला की थांबा. मग नवी रिंग खाचेत फिरवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) साइड क्लिअरन्स, म्हणजे रिंग आणि खाचेतली फट, बघा, मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला तर कितीही स्वच्छ केलेला असला तरी तो पिस्टन बाजूलाच ठेवायचा.

आणि हो, पिस्टनवर मार्करने नंबर टाकले असतील तर ते कार्ब क्लीनरमध्ये धुऊन जातात, त्यामुळे बुडवायच्या आधी पिनच्या भोकातून तार ओवून तिलाच नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी अडकवा.