कूलर चालू असताना कोणता लावावा : छोटा भीम की मोटू-पतलू?

मे महिना लागला की बहिणीची दोन्ही पोरं अमरावतीहून आमच्याकडे नागपूरला येतात. म्हणजे एका भट्टीतून उठून दुसऱ्या भट्टीत. पण आजीचं घर म्हटल्यावर पोरांना ऊन लागत नाही, ते फक्त मोठ्यांना लागतं. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत अंगणात क्रिकेट, मग दार बंद होतं ते थेट संध्याकाळी साडेपाचला उघडतं. मधला वेळ काढायचा कसा? पत्ते तिसऱ्या डावाला भांडणावर येतात. कॅरमचा स्ट्रायकर एकदा दिवाणाखाली गेला की दिवाळीच्या साफसफाईतच निघतो. मोबाईल द्यायचा नाही असं आम्हीच ठरवून बसलेलो. शेवटी मग, "मामा, पिच्चर लावून द्या ना."

मागच्या मे महिन्यात लागोपाठ दोन दुपारी मी दोन पिच्चर लावले. पहिल्या दिवशी 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान', दुसऱ्या दिवशी 'मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज'. प्रेक्षक तीन: माझी मुलगी पाच वर्षांची, भाची सात, भाचा अकरा. तीन वयांना एकदम चालेल असं शोधायला गेलं की माणूस फिरून फिरून याच दोघांपाशी येतो, कारण पात्रांची ओळख करून द्यावी लागत नाही. ढोलकपूर आणि फुरफुरीनगरचे रस्ते या पोरांना महाल-इतवारीपेक्षा जास्त पाठ असतात. भाषेचीही अडचण नाही. दोन्ही हिंदीत आहेत, आणि आपल्याकडची पोरं घरात मराठी, शाळेच्या व्हॅनमध्ये हिंदी आणि भांडताना जे तोंडाला येईल ते बोलतात.

आधी एक सावधगिरी. भीमचा हा पिच्चर शोधताना नाव तेच पण माल वेगळा असा घोटाळा होऊ शकतो. कार्टूनवाला 18 मे 2012 ला आला. त्याच गोष्टीवर, त्याच नावाचा, खऱ्या माणसांचा पिच्चर 2024 मध्ये आला. त्यात अनुपम खेर गुरू शंभू झाले आहेत. दोन्ही राजीव चिलका यांचेच. आमच्याकडे रिमोट भाच्याच्या हातात होता आणि आधी दुसराच लागला. माझी मुलगी पडद्यावरच्या खऱ्याखुऱ्या मुलाकडे दोन मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा भीम नाहीये, ह्यानी भीमचे कपडे घातले." बंद करून पुन्हा शोधावा लागला. लावण्याआधी पोस्टर पाहून घ्या.

गोष्ट म्हणून पाहिलं तर भीमवाला वरचढ आहे, हे कबूल करायला माझी हरकत नाही. वाळवंटात गाडलं गेलेलं सोन्याचं शहर, तिथे शापानं अडकून पडलेला दम्यान, लालूच दाखवून सगळ्यांना तिथवर नेणारा स्कंधी, आणि झालेली चूक निस्तरायला हजार वर्षं मागे जाणारी पोरं. अकरा वर्षांच्या मुलाला यात विचार करायला जागा आहे. भाचा मधेच म्हणाला, "मामा, मागे जाऊन यांनी ते होऊच नाही दिलं, तर मग यांना ते आठवते कसं?" मला उत्तर आलं नाही. पन्हं पी म्हटलं.

मोटू-पतलूची गोष्ट त्यामानानं साधी. सर्कसमधून पळालेला एक सिंह या दोघांच्या गळ्यात पडतो, त्याला जंगलात सोडायला हे जातात, आणि त्या जंगलातल्या सोन्यावर एकाचा डोळा असतो. गंमत म्हणजे भांडण दोन्हीकडे सोन्याचंच आहे. पण इथे प्रसंगामागून प्रसंग मण्यांसारखे ओवलेले आहेत, मधे कोणी पाणी प्यायला उठून गेलं तरी काही सुटत नाही. अकरा वर्षांच्याला हे थोडं पातळ वाटतं. पाच वर्षांचीला हेच पाहिजे असतं, कारण ती दर दहा मिनिटांनी कुठे ना कुठे जातेच. तो पिच्चर मला थोडा लांबलेलाही वाटला, पण दुपार काढायची असेल तर लांबणं हा दुर्गुण नाही.

चित्रांबद्दल फार बोलत नाही. भीम पोगोवर 2008 पासून जसा सपाट, रेखाटलेला दिसतो तसाच पिच्चरमध्येही दिसतो. मोटू-पतलू निकवर 2012 मध्ये आले तेच संगणकावर घडवलेल्या गोलगरगरीत अंगाचे, आणि 14 ऑक्टोबर 2016 चा हा पिच्चर तर थेटरात चष्मे लावून पाहण्यासाठी बनवलेला. घरच्या टीव्हीवर त्याचा उपयोग शून्य. मधेमधे वस्तू उगाच आपल्या तोंडावर फेकल्यासारख्या येतात, एवढंच.

आता ज्यावर माझा निकाल लागला ती गोष्ट. कूलर.

आमचा कूलर जुना, लोखंडी बॉडीचा, हॉलच्या खिडकीत बसवलेला. 'लो'वर ठेवला तर गिरणी सुरू आहे असं वाटतं आणि 'हाय'वर केला तर गिरणीत आपण बसलोय असं वाटतं. त्याचा झोत हॉलमधून सरळ आतल्या खोलीत जातो आणि त्या झोतावर आई दुपारी झोपते. म्हणून मधलं दार बंद करता येत नाही. दार उघडं, म्हणजे टीव्हीचा आवाजही त्याच वाटेनं आत. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना कूलर बंद करा असं म्हणण्याची हिंमत घरात कोणाची नाही.

भीमचा पिच्चर लावला. सुरुवात ठीक होती. मग ही मंडळी त्या गाडलेल्या शहराकडे निघाली आणि बोलणं हळू झालं. कोणी कुजबुजतं, कोणी जुना शाप घोगऱ्या आवाजात सांगतं. कूलरपुढे एक शब्द कळेना. "मामा, वाढवा." अठरावरून चोवीस केला. "अजून." बत्तीस केला. शाप ऐकू आला, पोरं पुढे सरकून बसली, आणि तेवढ्यात पडद्यावर काहीतरी धाडकन कोसळलं, त्यावर ढोल-नगारे, त्यावर आरोळी. आतून आईचा आवाज: "काय फुटलं रे बाप्पा?"

चौदावर आणला. मारामारी संपली. पुन्हा कुजबुज. "मामा, वाढवा."

हे शेवटपर्यंत चाललं. मी पिच्चर असा पाहिलाच नाही, मी आवाज चालवला. कोणाचा चेहरा गंभीर झाला की बोट वाढवायच्या बटणावर, कोणी मूठ वळली की कमी करायच्या बटणावर. आमच्या रिमोटवरचं अधिकचं चिन्ह आधीच अर्धं पुसलेलं होतं, त्या दुपारी उरलेलं अर्धंही गेलं. एकदा कूलर 'लो'वर करून पाहिला, तर तिसऱ्या मिनिटाला भाचीनं मान मागे टाकून मेल्याचं सोंग केलं. खाली अक्षरं लावून पाहावीत म्हटलं, तर पाच वर्षांचीला ती वाचता येत नाहीत आणि सात वर्षांची ती मोठ्यानं वाचते. आईची झोप चार वेळा मोडली. चौथ्यांदा ती काही बोलली नाही, आणि ते जास्त वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तोच कूलर, 'हाय'वर. मोटू-पतलू लावला आणि सवयीनं रिमोट हातात धरून बसलो. चोवीसवर ठेवला. आणि लक्षात आलं की इथे कोणी कुजबुजतच नाही. मोटू आनंदात असला तरी ओरडतो, घाबरला तरी ओरडतो, भूक लागली तर सगळ्यात जास्त ओरडतो. पतलू त्याला शांतपणे समजावतो तेही शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल अशा आवाजात. सिंह बोलतो, बाकी जनावरं बोलतात, सगळे एकाच पट्टीत. एरवी या कार्टूनबद्दल घरोघरी हीच तक्रार असते, आमच्याही घरी होती. पण कूलरच्या घरघरीवर ती पट्टी नेमकी बसली. चोवीसचा आकडा मला एकदाही बदलावा लागला नाही. अर्ध्या तासानं रिमोट टीपॉयवर ठेवला आणि चक्क पिच्चर पाहिला.

आवाज मोजायचं काही यंत्र माझ्याकडे नाही, हे आधीच सांगतो. आमचा टीव्ही जुना आहे, त्याचे स्पीकर मागे भिंतीकडे तोंड करून आहेत. तुमच्याकडे बरा स्पीकर असेल, किंवा एसी लावून खिडक्या बंद करत असाल, तर हा सगळा भाग तुमच्यासाठी नाही. तेव्हा भीमच लावा, अकरा वर्षांच्या वरचं पोर असेल तर नक्कीच. बंद खोलीत मोटूचा आवाज कदाचित सोसणारही नाही.

भीतीचं थोडं सांगायला पाहिजे. दम्यान लहान पोरांसाठी तसा बरा भीतीदायक आहे. आमच्या शेजारी तेव्हा बांधकाम सुरू होतं आणि फाटकासमोर वाळूचा ढीग पडलेला. एरवी पोरं संध्याकाळभर त्याच्यावर लोळायची. भीम पाहिल्यावर माझी मुलगी दोन दिवस त्या ढिगाच्या जवळ गेली नाही. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या तेव्हा विचारलं, "बाबा, त्या वाळूच्या खाली किती खोल आहे?" भाचा मात्र सकाळी खराटा घेऊन तोच ढीग उकरत होता, शहर काढायला. म्हणजे पिच्चरनं काम केलंच, कोणावर कसं ते वयावर आहे. मोटू-पतलूत घाबरण्यासारखं आमच्याकडे कोणाला काही सापडलं नाही. तक्रार एकच आली, तीही भाचीकडून: "जंगलचा राजा सिंहच काऊन? वाघ काऊन नाही?" आदल्याच आठवड्यात गोरेवाड्याला वाघ पाहून आलेली पोर. तिचं चूक नाही.

खाण्याच्या बाबतीत भीम स्वस्त पडतो. टुनटुन मौसीचे लाडू पाहून पोरांना लाडू आठवतात आणि ते डब्यात असतात. मोटूला उपाशीपोटी काही सुचत नाही, त्याला समोसे लागतात, आणि त्याला लागले की पाहणाऱ्यालाही लागतात. भर दुपारी चारला डोक्याला दुपट्टा गुंडाळून, गाडीच्या सीटवर ओलं फडकं टाकून मी समोसे आणायला गेलो. सीट तरी पोळलीच. हा खर्च आणि हे ऊन हिशेबात धरा. शहाणे असाल तर सकाळी पोहे आणायला जाल तेव्हाच समोसेही आणून ठेवा आणि तव्यावर गरम करा.

आणि एक माझं खासगी वजन तराजूत पडलंय, ते लपवत नाही. मोटू-पतलू टीव्हीवर यायच्या कितीतरी आधी 'लोटपोट'मध्ये होते. शाळेत असताना बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते अंक मिळायचे आणि मी फुटपाथवर उभ्या उभ्या वाचून काढायचो, दुकानदार हाकलेपर्यंत. त्यामुळे ते दोघं मला पोरांच्या आधीपासून ओळखीचे. शिवाय या पिच्चरची गाणी गुलजार यांची आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं, म्हणजे दूरदर्शनवरच्या मोगलीच्या गाण्याचीच जोडी. पुन्हा जंगल आणि पुन्हा तेच दोघं म्हटल्यावर माझ्या वयाचा माणूस तटस्थ राहील अशी अपेक्षा ठेवू नका. त्या सिंहाचं नाव गुड्डू गालिब आहे आणि त्याला आवाज विनय पाठकचा आहे. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीत मी एकटाच हसलो. "मामा, काय झालं?" काही नाही म्हटलं, पहा.

तर यंदा पोरं आली की आधी मोटू-पतलू लागणार. भीम मी ठेवलाय पावसाळ्यासाठी, कूलर गच्चीवर जाऊन पडला की.

त्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला आई उठून बाहेर आली. पदरानं तोंड पुसत दिवाणावर बसली आणि म्हणाली, "आज पिच्चर नाही लावला का रे?" लावला होता, आत्ताच संपला म्हटलं. तिनं टीपॉयवरच्या तेलकट कागदाकडे पाहिलं, त्यात एकच उरलेला उचलला आणि विचारलं, "मंग चटणी संपवली का सगळी?"