जुनी रोजकीर्द: आणे-पै ठेवावे की दशांश?

इंदूरच्या घरातली १ एप्रिल १९५७ आधीची, म्हणजे रुपयाचे १०० नवे पैसे होण्यापूर्वीची, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) संगणकात उतरवायची, तर दोन वाटा.

मेहनत: आणे-पैंना तीन रकाने, १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया, हातचे सांभाळा. दशांशाला एकच रकाना. ३ रुपये ७ आणे ६ पै म्हणजे ६६६ पै; भागिले १९२, आले ३.४६८७५.

अचूकपणा: खरा घोळ इथेच. आणा ६.२५ नव्या पैशांचा, पण व्यवहारात ६ धरला गेला. चार सुटे आणे मिळून २४, पावली (चार आण्यांचे नाणे) मात्र २५ ची! म्हणून ओळीओळीला पूर्णांक करू नका. सगळी बेरीज पैंत करून शेवटी एकदाच भागा.

मूळ नोंद जपायची असेल तर आणे-पै. पुढच्या वर्षांच्या भावांशी ताडायचे असेल तर दशांश, शेजारी मूळ आकड्यासह.