ब्लॉकेज ‘विरघळवणाऱ्या’ कॅप्सूल

तासगाव परिसरात ‘मोफत हृदय तपासणी शिबिर’ भरलं की घरातल्या ज्येष्ठांना एकटं पाठवू नका. आमच्या मामांना स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवून काही महिनेच झाले होते. शिबिरात त्यांच्या हातात धातूची दांडी दिली आणि मिनिटभरात लॅपटॉपने सांगितलं, अजून दोन ब्लॉकेज आहेत. दांडी धरून रक्तवाहिन्या दिसत असत्या तर अँजिओग्राफी कुणी केली असती?

यावर उपाय म्हणून द्राक्षबियांच्या अर्काच्या ‘पॉलीफेनॉल’ (वनस्पतींमधली संयुगं) कॅप्सूल, साडेअठरा हजारांचा कोर्स. बिल नाही, नुसती सभासदत्वाची पावती. (बी म्हणे फ्रान्सचं. आमच्या बागा थॉमसन आणि तास-ए-गणेशच्या, म्हणजे बिनबियांच्या. वाद कोण घालणार?)

पैसे गेले ते गेले, पण त्या माणसाने वर सांगितलं, “काका, याने रक्त पातळ होतंच, मग त्या गोळ्या कशाला? किडनी जाते त्याने.” मामांनी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, बंद केली. स्टेंट नवा असताना ही गोळी परस्पर सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन अ‍ॅटॅक येऊ शकतो. गोळ्यांची पाकिटं भरलेलीच दिसली म्हणून मामींना शंका आली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या पुन्हा चालू केल्या.

पैसे परत मागितले तर “सील फोडलंय”, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संशोधनाची’ रास. त्यात द्राक्षातल्या रेस्व्हेरॅट्रॉल या पॉलीफेनॉलवरचा संशोधक दीपक दास यांचा लेख होता. याच दासांच्या कामात बनावट माहितीची १४५ उदाहरणं सापडल्याचं कनेक्टिकट विद्यापीठाने २०१२ मध्ये जाहीर केलं होतं! पॉलीफेनॉलवर सगळंच खोटं आहे असं नाही. अमेरिकेत २१ हजारांवर ज्येष्ठांमध्ये कोकोतल्या फ्लॅव्हनॉलच्या (हेही पॉलीफेनॉलच) कॅप्सूलची चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आले. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण मुख्य प्रश्न अ‍ॅटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं धरून होता, आणि तिथे ठोस फरक पडला नाही. शिवाय आधी अ‍ॅटॅक आलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. ब्लॉकेज विरघळण्याचा तर विषयच नव्हता.

डबीवर बारीक इंग्रजीत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं आहे. हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून सगळे दावे तोंडी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. पुढचं शिबिर विट्यात आहे असं कळतंय.