कानबाईच्या गाण्यांची नोंद: एक्सेल, कॅल्क की गूगल शीट्स?

श्रावणात धुळे-जळगावकडची, कानबाई या देवीची गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा अहिराणी पाठ आणि ध्वनिफितीचा दुवा एकाच तक्त्यात ठेवू पाहणाऱ्याने स्प्रेडशीट निवडताना आकडेमोडीच्या सोयी बाजूला ठेवाव्यात आणि लांब मजकुराचे व दुव्यांचे तिथे काय होते, एवढेच पाहावे.

एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ आणि गूगल शीट्सच्या सेलमध्ये ५०,००० चिन्हे मावतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे मोजले जात असले (‘क्षेत्र’ हा शब्द सात चिन्हांचा भरतो), तरी एवढे लांब गाणे कोणी म्हणत नाही. खरी अडचण रोच्या उंचीची आहे. एक्सेलमध्ये ती ४०९ पॉइंटांपुढे जात नाही, म्हणजे नेहमीच्या १५ पॉइंटांच्या हिशेबाने २७ ओळी, आणि देवनागरीला वरखाली जास्त जागा लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. चाळीस ओळींचे गाणे सेलमध्ये शाबूत असते, पण शेवटची कडवी ना पडद्यावर दिसतात, ना छापलेल्या कागदावर. लिब्रेऑफिसचे कॅल्क उंचीच्या बाबतीत बरेच उदार आहे. मात्र माझ्या संगणकावर त्याचा पडदा एकेक रो ओलांडत सरकतो आणि पडद्याहून उंच रोचा तळ गाठता येत नाही. सेलच्या आतच मजकूर वरखाली सरकवण्याची सोय या मंडळींनी का दिली नाही, हे मला कोडेच आहे.

दुव्यांच्या बाबतीत देवनागरी फाइलनावे घात करतात. पत्त्यात एकेका चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात, म्हणून ‘कानबाई’ एवढ्यानेच ५४ चिन्हे खर्ची पडतात. एक्सेलचे हायपरलिंक सूत्र २५५ चिन्हांपर्यंतचाच पत्ता घेते आणि त्यापुढे ‘व्हॅल्यू’ची त्रुटी दाखवते, तेव्हा फाइलनावे रोमन लिपीत आखूड ठेवावीत, नाहीतर दुवा सूत्राऐवजी कंट्रोल आणि के दाबून द्यावा. एक्सेलमध्ये एका सेलला एकच दुवा जोडता येतो, तर गूगल शीट्समध्ये आणि कॅल्कमध्ये एकाच सेलमधल्या वेगवेगळ्या शब्दांना वेगवेगळे दुवे देता येतात. एकच गाणे दोन गावांत दोन चालींवर मिळाले, की या सोयीचे मोल कळते. चुकून टिचकी पडून ब्राउझर उघडण्याचा ताप कॅल्कमध्ये नाही, कारण तिथे दुवा उघडायला सहसा कंट्रोल दाबून टिचकी मारावी लागते.

जळगावात बसून तिघे-चौघे एकाच वेळी नोंदी करणार असतील, तर गूगल शीट्स घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात, जिथे रेंजचा भरवसा नाही, तिथे एकट्याने काम करायचे असेल, तर मी कॅल्क घेईन आणि एका रोमध्ये अख्ख्या गाण्याऐवजी एकच कडवे ठेवीन. पुढे फाइल एक्सेलवाल्याच्या हाती जाणार असेल, तर प्रत्येक दुव्याला पहिल्याच दिवशी स्वतंत्र रकाना द्यावा.