शब्दांच्या वहीत व्याख्या लिहावी की वाक्य?

इंग्रजी शब्दांसाठी वेगळी वही केली की पहिल्याच पानावर प्रश्न पडतो: शब्दापुढे व्याख्या लिहायची की वाक्य? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी तीनेक वर्षं व्याख्या, त्यानंतर वाक्यं. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत लिहायची वेळ आलेल्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

व्याख्येची बाजू लंगडी नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांनी ती सोपी राहावी म्हणून फार कष्ट घेतलेत. ढाक्यात अनेक वर्षं शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ च्या कोशात सगळे अर्थ अवघ्या १४९० शब्दांत सांगितले. १९७८ मध्ये लाँगमनच्या कोशानेही सुमारे २००० शब्द ठरवून घेतले. त्यामुळे एका शब्दाचा अर्थ लावायला आणखी चार शब्द शोधत बसावं लागत नाही. पाठांतरही भराभर होतं. एका संध्याकाळी वीस शब्द सहज व्हायचे.

मग अडलं कुठे? 'डिप्राइव्ह' या शब्दापाशी.

वहीत मी त्याचा अर्थ 'टू टेक समथिंग अवे फ्रॉम समवन' असा लिहिला होता. अर्थ बरोबर, पाठही झालेला. पुढे एका संस्थेसाठी पाणीयोजनेचा अहवाल लिहिताना वाक्य केलं: 'द प्रोजेक्ट डिप्राइव्ह्ड वॉटर फ्रॉम द व्हिलेज.' आमच्या मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'डिप्राइव्ह्ड द व्हिलेज ऑफ वॉटर.' मी चक्रावलो. माझ्या वाक्यातलं 'फ्रॉम' थेट व्याख्येतून उचललेलं होतं. म्हणजे व्याख्येने अर्थ दिला, पण शब्दाची मांडणी दिली नाही, उलट स्वतःची मांडणी माझ्या हाती ठेवली. मराठीतलं 'हिरावून घेणे' डोक्यात होतंच. त्यात पाणी हिरावलं जातं, गाव नाही. खरं तर 'गावाला पाण्यापासून वंचित ठेवलं' हे वाक्य आठवलं असतं, तर 'डिप्राइव्ह' कसा चालतो ते चटकन कळलं असतं.

त्यानंतर जुनी वही चाळली, तर असे शब्द पानापानावर सापडले. 'रॉब' आणि 'स्टील' दोन्हींपुढे चोरीच. पण 'रॉब' बँकेला करतात, 'स्टील' पैसे करतात. 'डिस्कस'पुढे 'टॉक अबाउट' होतं आणि मी वर्षानुवर्षं 'डिस्कस अबाउट' लिहीत आलो होतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

वाक्यातून आणखी एक गोष्ट मिळते, शब्दाची सोबत. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'ओढवणे म्हणजे येणे' एवढंच सांगितलं, तर तो 'माझ्यावर आनंद ओढवला' असं म्हणेल. आपल्याला माहीत असतं की संकट ओढवतं. इंग्रजीत 'सेट इन'चं तसंच आहे: कुजणं, निराशा, असल्याच गोष्टी 'सेट इन' होतात. हे जॉन सिंक्लेअर यांनी खऱ्या मजकुराच्या मोठ्या साठ्यातून दाखवलं. त्यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या १९८७ च्या कोबिल्ड कोशात व्याख्याच पूर्ण वाक्यात दिलेली असते आणि शब्द त्या वाक्यात वापरूनच समजावलेला असतो. दोन्ही पद्धतींमधला मला सर्वांत पटलेला मधला मार्ग तोच.

वाक्यांचीही अडचण आहे. एकाच वाक्यावर विसंबलं की अर्थ आखडतो. 'फिअर्स' मी कुत्र्याच्या वाक्यातून शिकलो आणि पुढे 'फिअर्स कॉम्पिटिशन' वाचताना अडखळलो. शिवाय वेळ जास्त लागतो. परीक्षा महिन्यावर आली असेल आणि प्रश्न समानार्थी शब्दांचेच असतील, तर व्याख्याच पाठ करा, असं मीही सांगेन.

पण लिहायचं-बोलायचं असेल, तर माझा कल वाक्याकडे आहे. वाक्य मात्र निवडून घ्यावं. 'ही वॉज रिलक्टंट' एवढ्यातून काहीच हाती लागत नाही. 'शी वॉज रिलक्टंट टू लेंड हिम मनी बिकॉज ही नेव्हर पेड इट बॅक' यात अर्थही आहे, 'टू'ही आहे. आता माझ्या वहीच्या एका पानावर सहाच शब्द मावतात, प्रत्येकाची दोन वाक्यं. व्याख्या मी कोशातच वाचतो, वहीत उतरवत नाही.