डीबीटी की एमबीटी? किशोरवयातल्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी

बॉर्डरलाइनमध्ये भावना आणि नाती सतत टोकाला जातात; त्यावरच्या या दोन थेरपी. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या डीबीटीत (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) हाती काहीतरी ठोस लागतं. मनात वादळ उठलं की बर्फ धरायचा, श्वास मोजायचा, स्वतःला इजा करण्याआधी थेरपिस्टला फोन करायचा. किशोरांच्या गटात आईवडीलही शिकायला बसतात (त्यांनाही गरज असतेच!). नॉर्वेतल्या ७७ जणांच्या चाचणीत १९ आठवड्यांत स्वतःला इजा करणं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त घटलं.

बेटमन आणि फोनागी यांची एमबीटी (मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेणं) संथ. ‘तिने मेसेज पाहून उत्तर दिलं नाही, म्हणजे मी नकोशी’, इथे थांबून दुसरी शक्यता शोधायची. इंग्लंडमधल्या ८० जणांच्या चाचणीत वर्षभराने फायदा दिसला. डेन्मार्कमध्ये गटातली एमबीटी मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली नाही.

हातावर ताजे व्रण असतील तर मी आधी डीबीटी म्हणेन.